मापाड्याचा होकार

सायकलच्या दुकानात त्याला सगळे मापाडी म्हणत. धान्य तोलणारा मापाडी वेगळा, हा माणसं मापायचा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला अनवाणी भिंतीशी उभं करायचं आणि दोन पायांमध्ये पाणसळ धरून पायाची उंची घ्यायची. मग खांद्यापासून मुठीपर्यंत हात मोजायचा. मग जाड पुठ्ठ्यावर बसवून उठवायचं आणि पुठ्ठ्यावर उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर पट्टीने मोजून सीट किती रुंद हवी ते ठरवायचं. शेवटी सायकल स्टँडवर चढवून गुडघ्यावरून ओळंबा सोडायचा. गवंड्याकडे असतो तोच, पितळी आणि टोकदार. भिंत ओळंब्यात नसली तर ती कधीतरी पडते, आणि सीट ओळंब्यात नसली तर वरचा माणूस त्याच्या आधी पडतो, असं तो म्हणे.

दुकानात तो प्रसिद्ध होता तो मात्र त्याच्या 'नको'मुळे. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारी सायकल, घ्यायला येणारी माणसं स्थळं बघायला निघाल्यासारखी येतात. डांबरावर पळणारी हवी, खडीवर न डगमगणारी हवी, आठवडाभराचं सामान वाहणारी हवी, वर पुन्हा हलकी हवी आणि चारचौघांत उठून दिसणारी हवी. मापाडी सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, सगळं करणारी सायकल सगळंच थोडं थोडं करते, तुम्हाला कमी कुठे चालेल तेवढं सांगा. मग एकेक छाटत जायचा. हे टायर नकोत, खडीवर दात पाडतील. हा कार्बनचा सांगाडा नको, त्याला सामान अडकवायला बोल्टची भोकंच नाहीत. ही पुढची एवढी मोठी दातेरी चकती नको, सामानासकट चढ आला की खाली उतरून ढकलत बसाल. स्टीलची घ्या, वाटेत तडा गेला तर कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देईल. कोणी फार हट्टाला पेटलं तर मापाडी खेकसायचासुद्धा.

आणि त्याचा एक नेम होता. नवी सायकल कोणालाही रिकामी चालवून बघू द्यायची नाही. मागच्या खोलीत वाळूने भरलेल्या कापडी पिशव्या होत्या, सगळ्या मिळून बारा किलोच्या. दोन पुढच्या दांड्यांना, एक सांगाड्याच्या मधल्या तिकोनात, एक सीटमागे, अशा बांधायच्या आणि गिऱ्हाइकाला दुकानामागच्या रस्त्याला धाडायचं. तिथे अर्धं उखडलेलं डांबर, अर्धी खडी, आणि पुढे पाण्याच्या टाकीचा चढ. तासाभराच्या आत परत यायचं नाही. कारण रिकाम्या सायकलवर सगळेच शूर असतात. वीस मिनिटांत जी सायकल गोड वाटते तीच तिसऱ्या दिवशी जीव खाते, हे त्या धंद्यातलं पहिलं सत्य आहे आणि कुठलंही गिऱ्हाईक ते आपणहून मानत नाही. या पायी हातातोंडाशी आलेली गिऱ्हाइकं निघून जायची आणि मालकीणबाई दातओठ खायच्या. पण मापाड्याने दिलेली एकही सायकल कधी परत आली नव्हती, त्यामुळे त्या गप्प बसत.

अशा या माणसाच्या पोटात सहा वर्षं एक सूड मुरत पडला होता.

तो होता त्याच्या थोरल्या साडूवर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरला साडू कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि हा मेणात दात कोरून द्यायचा, इतके बेमालूम की जन्माचे वाटावेत. एक माणसाचं तोंड मापतो आणि दुसरा बूड, दोन्ही बहिणींनी बरोबर टोकं पकडली आहेत, असं घरात हसत. दोघा साडूंना सायकलचं वेड, आणि चौदा वर्षं दोघांनी बरोबर सायकली हाणल्या. एका तंबूत झोपले, एका डब्यात जेवले. नात्यातलं 'अहो' कधीच गळून पडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी एका लांबच्या राइडला दोघे गेले. सहा दिवस, सगळा कच्चा रस्ता, आणि सहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोचलं तरच पुरी करणाऱ्यांच्या यादीत नाव लागायचं. चौथ्या दिवशी दगडाच्या खाणीच्या उतारावर मापाड्याचं पुढचं चाक खडीत सरकलं आणि तो खांद्यावर आपटला. गळ्याखालचं हाड मोडलेलं त्याला स्वतःलाच ऐकू आलं. थोरला साडू मागे वळून आला. त्याने पाहिलं, घड्याळ पाहिलं. म्हणाला, इथे फोनला रेंज नाही, तू सावलीला बस, मी पुढच्या वस्तीवरून गाडी पाठवतो. आणि गेला.

गाडी आली नाही. खाणीतून खडी घेऊन निघालेल्या एका ट्रकवाल्याला तो दिसला, तेव्हा दुपार कलली होती. थोरला साडू राइड पुरी करून, नाव लावून, हसरा फोटो काढून घरी आला आणि त्याने सांगितलं ते असं, की मापाड्याचा चौथ्या दिवशी दम संपला, त्याने राइड सोडली, माघारी फिरला आणि परतताना कुठेतरी पडला. दवाखान्यात चार दिवस काढून, हात गळ्यात बांधून मापाडी घरी पोचला तेव्हा बायको मायेनेच म्हणाली, "सोडलीत तर सोडलीत, त्यात काय एवढं? ताईने सांगितलं मला सगळं."

तेव्हा खरं बोलला असता तर? पण त्या दोघी बहिणींना ना आई होती ना बाप. थोरलीला धाकटी आणि धाकटीला थोरली, एवढंच काय ते माहेर. तिच्या माहेराला आपल्या हाताने काडी कशी लावायची? तो गप्प बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढे भाचरं त्याला 'अर्धेकाका' म्हणू लागली आणि तो त्यावरही हसला. थोरल्या साडूशी तो आता 'तुम्ही' म्हणून बोलू लागला, लोकांना वाटलं वयाचा मान ठेवतोय. आतून मात्र तो रोज जळत होता. हाड सहा आठवड्यांत जुळलं, हे नाही जुळलं.

आणि सहा वर्षांनी थोरला साडू त्याच्या दुकानात आला. त्याच राइडला पुन्हा जायचं म्हणाला. इतकी वर्षं वेगवाल्या मंडळींबरोबर डांबरावर रिकामा हिंडत होता, आता सामानासकट जायला नवी ग्रॅव्हल बाइक हवी होती. नजर चुकवत दुकानभर फिरला. मग भिंतीवरच्या एका सायकलवर बोट ठेवलं. काळीभोर, कार्बनची, शर्यतीच्या घाटाची, पुढे वाकून बसायची. सामान बांधायला भोक म्हणाल तर एक नाही.

मापाड्याच्या जिभेवर 'नको' आला होता. सवयीनेच आला होता. तो त्याने गिळला.

"छान आहे," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांबरोबर त्याला सगळा सूड समोर मांडल्यासारखा दिसला. खोटं बोलायला नको, स्क्रू ढिला ठेवायला नको, ब्रेकला हात लावायला नको. असली हलकी कामं तो मेला तरी करणार नव्हता. या माणसाला फक्त त्याच्या मनासारखं करू द्यायचं. जन्मभर लोकांना अडवून त्यांचे गुडघे आणि मनगटं वाचवली, एकदा एकाला अडवायचं नाही. झालं.

त्याने मापं घेतली. मापं त्याला पाठच होती, तरी घेतली. या माणसाला लहान सांगाडा लागतो हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. थोरला साडू म्हणाला, मोठा सांगाडा बरा दिसतो. मापाडी म्हणाला, हो. थोरला साडू म्हणाला, हँडल अजून पुढे न्यायला लांब स्टेम लावू या, म्हणजे वारा कापत जाता येईल. मापाडी म्हणाला, लावू या. टायर बारीक? हो, पळेल. पुढची चकती मोठी? हो, चालेल की, तुमच्या पायांत जोर आहे. हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप होत होता. हात दोन बोटं जास्त ताणले जाणार, अंगाचा भार सीटवरून तळहातांवर येणार. पहिल्या दिवशी नुसती मजा. दुसऱ्या दिवशी मान. तिसऱ्या दिवशी तळहाताच्या बुडातली शीर दबून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणार. बधिरपणा महिनोन्महिने राहतो, कोणाकोणाचा जातच नाही. आणि मेणात दात कोरणारा माणूस करंगळी टेकवूनच हात स्थिर धरतो. करंगळी गेली की कोरणी हलते, कोरणी हलली की दात गेला.

हे सगळं त्याला कळत होतं, आणि कळत असल्याचाच त्याला आनंद होत होता. चोराला त्याच्याच पायांनी विहिरीकडे चालत जाऊ द्यावं तसा.

दुसऱ्या खेपेला थोरला साडू सायकल चालवून बघायला आला. मापाड्याने वाळूच्या पिशव्यांच्या खोलीचं दार उघडलंसुद्धा नाही. रिकामी सायकल हातात दिली आणि मागचा रस्ता सोडून पुढचा गुळगुळीत रस्ता दाखवला. काउंटरमागून मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हा माणूस आजारी आहे की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, पण विक्री होत होती म्हणून त्यांनी पुन्हा हिशोबात डोकं घातलं. थोरला साडू वीस मिनिटांनी परत आला.

"कशी वाटली?" मापाड्याने विचारलं.

"गोड आहे," थोरला साडू म्हणाला, आणि विनाकारण बराच वेळ तिथेच उभा राहिला.

त्या आठवड्यात मापाड्याला जेवण चवीला लागत होतं. बायको म्हणाली, तुमची तब्येत सुधारली. तो एकटाच असला की खाणीचा तो उतार आठवायचा, आणि तिसरा दिवस मोजायचा. तंबूत सकाळी उठून थोरला साडू आपली बोटं चाचपून बघेल. चहाचा कप धरता येणार नाही. तेव्हा त्याला कळेल, वाट बघत पडून राहणं काय असतं. मधूनच मनात यायचं की त्या करंगळीवर ताईंचंही घर चालतं. तो विचार तो घशाखाली ढकलायचा. माझ्या खांद्यावर माझं घर चालत नव्हतं का? असंही स्वतःला विचारायचा.

न्यायच्या दिवशी थोरला साडू सकाळीच आला, दुकानात अजून कोणी नव्हतं. मालकीणबाई आत चहा करत होत्या. सायकल पुसून तयार ठेवलेली होती. थोरल्या साडूने हँडलवर दोन्ही हात ठेवले, पुढे वाकून बघितलं, मग सरळ झाला.

"स्टेम लांब आहे," तो म्हणाला.

मापाड्याने काउंटरवर बिलाचं पुस्तक उघडलं.

"सांगाडा एका मापाने मोठा आहे. टायर बारीक आहेत. मलाही कळतं थोडंफार, चौदा वर्षं तूच शिकवलंयस. पहिल्या दिवशी मी सायकल घ्यायला आलोच नव्हतो. एक गोष्ट बोलायची होती, ती काही जिभेवर येईना, म्हणून तोंडाला येईल ते मागत गेलो. वाटलं, तू नेहमीसारखा अंगावर येशील, 'अक्कल गहाण टाकलीस का' म्हणशील, मग त्या भांडणात बोलून टाकता येईल. तू हो म्हणालास. परवा पिशव्यासुद्धा बांधल्या नाहीस. तेव्हा समजलो, तू काय करतोयस ते." त्याने सायकल भिंतीपासून ओढली. "बरोबरच आहे तुझं. घेऊन जातो मी ही. तिसऱ्या दिवशी बोटं गेली, की आपली फिट्टंफाट."

आणि तो खरंच सायकल घेऊन दाराकडे चालू लागला.

इतका राग मापाड्याला खाणीच्या उतारावरही आला नव्हता. सहा वर्षं जपलेला सूड, आणि हा माणूस तोही त्याच्या हातातून काढून आपल्या हाताने स्वतःवर घेऊन निघाला होता. वर पुन्हा साधू होऊन. एकटाच बोटं बधिर करून घेणार, कोणाला काही सांगणार नाही, आणि मनातल्या मनात शुद्ध होऊन परत येणार. पुन्हा नाव लावून, पुन्हा फोटो काढून. आणि मापाड्याच्या पदरात काय? पुन्हा गप्प बसणं.

तो काउंटरला वळसा घालून आला आणि त्याने सीट धरली.

"नको," तो म्हणाला. "ठेवा ती. एवढ्या स्वस्तात नाही."

"मग काय करू?"

"फोन लावा. ताईंना. इथून, माझ्यासमोर."

थोरल्या साडूचा चेहरा उतरला. बोटं द्यायला तो तयार होता, हे द्यायला नव्हता. मापाड्याने ते पाहिलं आणि आपण बरोबर जागी बोट ठेवलंय हे ओळखलं. माहेर, काडी, घर, सगळं त्याला त्या क्षणी आठवलं, आणि तरी तो मागे हटला नाही. आयुष्यात एकदा त्याला ते घर हललेलं बघायचं होतं.

फोन लागला. काय विसरलात, असं ताईंनी विचारलेलं मापाड्यालाही ऐकू आलं. आत चहाची भांडी वाजायची थांबली होती.

"ऐक," थोरला साडू म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी याने राइड सोडली नव्हती. मी याला सोडलं होतं."

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. उतार, मोडलेलं हाड, पाठवतो म्हणून न पाठवलेली गाडी. वस्ती लागली होती, पण तिथे थांबलो असतो तर पुढचे दोन दिवस वेळेत बसले नसते, म्हणून थांबलो नाही, हेही सांगितलं. घरी काय खोटं सांगितलं ते सांगितलं. मापाडी ऐकत होता, आणि त्याला गोड लागत होतं. खोटं कशाला बोला? एकेक शब्द गोड लागत होता. ताई आता काय बोलतील याची तो वाट बघत होता, आणि त्या जितकं वाईट बोलतील तितकं त्याला हवं होतं.

ताईंनी एकच विचारलं. "किती वेळ पडले होते ते तिथे?"

मापाड्याने तोंड उघडलं. हे उत्तर फक्त त्याचं होतं. बायकोलासुद्धा त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. पण त्याच्याआधी थोरला साडू बोलला.

"पाच तास दहा मिनिटं. सव्वादहापासून तीन पंचवीसपर्यंत."

"तुम्हाला काय माहीत?" ताई म्हणाल्या. "तुम्ही होतात तिथे?"

"नव्हतो. नंतर गेलो होतो खाणीवर. तो ट्रकवाला शोधून काढला. आधी याने पाणी मागितलं, म्हणाला. आणि मग विचारलं, माझा साडू नीट पुढे पोचला का."

ते मापाडी स्वतः विसरला होता. ट्रकच्या पायरीवर बसून, मोडका खांदा धरून, त्याने खरंच तसं विचारलं होतं.

फोनवर ताई काहीतरी बोलत होत्या, जोरजोरात, आणि थोरला साडू मान खाली घालून एकेक शब्द घेत होता. ज्यासाठी सहा वर्षं काढली ते पाच हातांवर चाललं होतं. मापाड्याने ते ऐकायचा प्रयत्न केला आणि त्याला ऐकू येईना. त्याने सायकल स्टँडवर चढवली, चावी घेतली आणि तो लांब स्टेम सोडवायला लागला, पण डोळे असे भरून आले होते की बोल्ट काही केल्या दिसेना.